हलकं कुणासाठी?



गावाकडच्या एखाद्या संस्थेला वेबसाइट किंवा छोटंसं अॅप्लिकेशन करून द्यायचं ठरलं, की आपले पुढचे तीन शनिवार कशात जातात हे आपल्यापैकी बहुतेकांना अनुभवाने माहीत आहे. संस्थेला नेमकं काय हवंय, तिथे ते कोण वापरणार, पुढे कोण सांभाळणार, हे प्रश्न दहा मिनिटांत उरकले जातात. मग खरी चर्चा सुरू होते. जँगो की फ्लास्क? फ्लास्क की फास्टएपीआय? कुणीतरी वेगाच्या तुलनेचे तक्ते पाठवतो, कुणी म्हणतो जँगो फार अवजड झालंय, आपल्याला काहीतरी 'लाइटवेट' हवं. शेवटी ज्याच्या ऑफिसात जे चालू आहे किंवा ज्याला रेझ्युमेवर जे लिहायचं आहे ते निवडलं जातं आणि सगळे कामाला लागतात.

मी वीसेक वर्षं पायथनवर पोट भरतो आहे, तेव्हा या वादात मलाही रस आहे हे उघडच आहे. पण माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. अशा कामांसाठी फ्रेमवर्क निवडताना आपण 'हलकं' या शब्दाचा अर्थच उलटा लावतो. आपल्याला लिहायला जे हलकं, ते आपण हलकं धरतो. खरं तर आपण गेल्यावर जो माणूस ते ओझं उचलणार आहे, त्याला ते हलकं वाटतं का, हे बघायला हवं. हा फरक लक्षात न घेणं ही आवडीनिवडीची बाब नाही, तो बेजबाबदारपणा आहे.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याकडे या नावांची नुसती भांडणं होतात, त्यांचा जन्म कशासाठी झाला ते कुणी बघत नाही.

जँगो २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात जन्माला आलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारांना आज सकाळी मागितलेलं पान आज संध्याकाळी हवं असायचं, आणि त्यातला मजकूर प्रोग्रामरला न विचारता संपादकांना बदलता यायला हवा होता. म्हणून त्याच्यात अॅडमिनचा आयता भाग आहे. म्हणजे आपण ज्याला 'अवजड' म्हणतो तो भाग प्रोग्रामर नसलेल्या माणसासाठी बांधलेला आहे.

त्याच सुमारास अॅरन स्वार्ट्झने वेब.पाय लिहिलं. २००५ च्या अखेरीस रेडिट लिस्पवरून पायथनवर आणलं गेलं ते त्याच्यावर. पुढच्या वर्षी ते खुलं झालं, तेही कुठल्याही हक्काविना, सार्वजनिक मालकीचं म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये अॅरन गेला. पण वेब.पाय लहान होतं, वाचून समजण्याजोगं होतं, त्यामुळे इतरांनी ते उचललं आणि पायथन ३ वर आणलं. इंटरनेट अर्काइव्हची ओपन लायब्ररी त्याच पायावर उभी आहे. लिहिणारा गेल्यावरही दुसऱ्याला उचलता येणं, याला मी हलकं म्हणतो.

२००९ मध्ये मार्सेल हेलकांपचं बॉटल आलं. एकच फाइल, पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीशिवाय दुसऱ्या कशाचीही गरज नाही. आणि २०१० च्या १ एप्रिलला आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रामरने अशा एकफाइली फ्रेमवर्कांची थट्टा म्हणून 'डिनाइड' नावाचं एक फ्रेमवर्क जाहीर केलं. लोकांनी ते खरंच मनावर घेतलं! त्या थट्टेतूनच फ्लास्क निघालं, नावसुद्धा बॉटलवरची कोटी. फ्लास्कचे कर्ते स्वतःच सांगत आले आहेत की 'मायक्रो' म्हणजे गाभा लहान आणि बाकीचं तुम्ही जोडायचं. तुमचं सगळं काम लहान राहील असा त्याचा अर्थ नाही.

आपण विसरतो ते नेमकं हेच. फ्लास्क हलकं आहे कारण त्याने डेटाबेस, फॉर्म, लॉगिन, अॅडमिन हे सगळं बाहेर ठेवलं आहे. तुमच्या कामाला त्यातलं काहीच लागत नसेल तर उत्तम. पण आपण काय करतो? 'जँगो जड आहे' म्हणून फ्लास्क घेतो आणि महिन्याभरात त्याच्यावर आठ-दहा पॅकेजेस चढवतो. लॉगिनचं एकाचं, फॉर्मचं दुसऱ्याचं, डेटाबेसच्या बदलांचं तिसऱ्याचं. प्रत्येकाचा कर्ता वेगळा, वेळापत्रक वेगळं, चिकाटी वेगळी. शेवटी हाती येतं ते घरी केलेलं जँगोच, फक्त त्याचं मॅन्युअल कुठेही उपलब्ध नाही!

आणि ही पॅकेजेस जागच्या जागी स्वस्थ बसत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'इट्सडेंजरस' या छोट्या पॅकेजची २.१ आवृत्ती आली आणि फ्लास्क १.१ वरची ज्या ज्या ठिकाणी आवृत्त्या बांधून ठेवलेल्या नव्हत्या ती अॅप्लिकेशन्स नव्याने इन्स्टॉल करताच सुरू होईनाशी झाली. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस वर्कझॉइग ३.० आलं आणि फ्लास्क २.२ वाल्यांची तीच गत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पायडँटिक २ आलं, तेव्हा फास्टएपीआयवाल्यांनी कित्येक ठिकाणी कोड बदलला. ऑफिसात हे ठीक असतं. सकाळी कुणीतरी बघतं, दुपारपर्यंत दुरुस्त होतं, त्याचा पगार मिळतो. तालुक्याच्या गावातल्या संस्थेत हे बघायला कोण आहे?

अशी मोडून पडलेली कामं माझ्याकडे अधूनमधून येतात. एक नमुना सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नाही. गरजू मुलांना शिष्यवृत्ती देणारी ही संस्था आहे. काम एवढंच की विद्यार्थ्याने अर्ज भरायचा, कागदपत्रं जोडायची, आणि समितीने यादी बघून हो किंवा नाही म्हणायचं. इकडच्या चार स्वयंसेवकांनी मोठ्या हौसेने ते बांधलं. फास्टएपीआय 'लाइटवेट' म्हणून निवडलं, मग पडदे दाखवायला रिअॅक्टचा वेगळा भाग, दोघांचे वेगवेगळे कंटेनर, मध्ये संदेशांची रांग सांभाळणारी एक सेवा, आणि क्लाउडचं खातं एका स्वयंसेवकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. दोन वर्षं सगळं छान चाललं. मग त्या स्वयंसेवकाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की हातात ६० दिवस असतात हे इथे कुणाला सांगायला नको. त्या काळात त्याने संस्थेची साइट बघत बसावं अशी अपेक्षा करणंही क्रूरपणाचं आहे. कार्डाची मुदत संपली आणि ऐन जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, साइट बंद पडली. मुलांना कागदी अर्ज घेऊन बोलावलं गेलं. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना त्यासाठी एसटीचं भाडं खर्चून एक दिवस मोडावा लागला. काहीजण आलेच नाहीत.

मी कार्यालयातल्या ताईंना फोनवर विचारलं, की या साइटमधलं तुम्हाला स्वतःला काय काय बदलता येतं? त्या म्हणाल्या, "सर, आम्हाला अर्जाची शेवटची तारीखसुद्धा बदलता येत नाही. त्याच्यासाठी अमेरिकेला मेल करावा लागतो."

हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहून ठेवण्यासारखं आहे. मदत करायला गेलो आणि परावलंबन देऊन आलो! या कामाला लॉगिन होतं, समिती होती, कागदपत्रं होती, कार्यालयातून रोज माहिती बदलायची होती. इथे 'अवजड' जँगोच सगळ्यात हलकं ठरलं असतं. तारीख बदलणं हे ताईंना अॅडमिनमध्ये जाऊन दोन मिनिटांत करता आलं असतं.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप: "उद्या वापर वाढला तर?" साधा हिशेब करा. दिवसाला १,००० जण साइटवर आले तरी सरासरी ८६ सेकंदांना एक माणूस झाला. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी झुंबड उडेल, मान्य. ती शंभरपट धरली तरी सेकंदाला एक-दोन विनंत्यांच्या पुढे गाडी जात नाही. बॉटल, फ्लास्क, जँगो, कुणालाही याने घाम फुटत नाही. सेकंदाला इतके हजार विनंत्यांचे तक्ते ज्यांना लागतात त्यांना लागोत. आपल्या संस्थांचा प्रश्न हजारांचा नाही, सातत्याचा आहे. डेटाबेसचंही तेच. एसक्यूलाइट २००६ पासून पायथनच्या सोबतच येतं, सगळी माहिती एका फाइलमध्ये राहते, बॅकअप म्हणजे त्या फाइलची नीट काढलेली प्रत. एका वेळी एकच जण लिहू शकतो ही त्याची मर्यादा, पण ज्या संस्थेत लिहिणारे एकूण तीन आहेत तिथे ती जाणवतही नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मात्र खरा आहे. लहान फ्रेमवर्क घेताना आपण काय सोडतो ते माहीत हवं. दुसऱ्या साइटवरून फसवून फॉर्म पाठवण्याचा जो प्रकार आहे, सीएसआरएफ, त्याविरुद्धचा बंदोबस्त जँगोच्या नव्या प्रोजेक्टमध्ये आपोआप चालू असतो. फ्लास्क आणि बॉटलमध्ये तो तुम्ही आणायचा. फ्लास्कचं सेशन ब्राउझरच्या कुकीत सही करून ठेवलेलं असतं, ते बदलता येत नाही, पण वाचता येतं. तिथे कुणी मुलाचा जातीचा दाखला क्रमांक ठेवला तर तो उघडाच आहे. आणि डीबग चालू ठेवून साइट लोकांसमोर मांडणं म्हणजे घराची किल्ली दारालाच टांगणं. २०१५ मध्ये पॅट्रिऑनची माहिती चोरीला गेली ती लोकांना दिसणाऱ्या डीबग आवृत्तीतून, हे कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणून माझा नियम सोपा आहे: लॉगिन आणि खाजगी माहिती आली की लहान फ्रेमवर्कचा हट्ट सोडा.

तिसरा आक्षेप नवीन आहे: "आता एआय आहे ना, कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये लिहून देतं, मग निवडीला महत्त्व काय?" मंडळी, लिहिणं हा खर्च कधीच नव्हता. चार हौशी माणसं दोन शनिवारांत काहीही लिहितात. महाग असतं ते तीन वर्षांनी वाचणं. एआयने पाच मिनिटांत पाच हजार ओळी लिहून दिल्या तर वाचणाऱ्याचं ओझं वाढलं, कमी झालं नाही. उलट आता तर कमी ओळींचा आग्रह जास्त धरायला हवा.

चौथा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: "मलाही यातून काहीतरी नवं शिकायचंय." शिका की! पण स्वतःच्या हौसेच्या प्रोजेक्टवर शिका. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर नव्हे. आपण पगाराच्या नोकरीत नवं तंत्र आणताना दहा जणांची परवानगी घेतो आणि फुकटच्या कामात मात्र कुणालाही न विचारता प्रयोग करतो, कारण समोरचा प्रश्न विचारण्याच्या स्थितीत नसतो. ज्याला आपली भाषा कळत नाही त्याच्यापुढे मंत्र म्हणायचे आणि दक्षिणा म्हणून कृतज्ञता घ्यायची, ही पुरोहितगिरी आपण दुसऱ्या क्षेत्रांत चांगली ओळखतो. स्वतःच्या धंद्यात ती दिसत नाही!

आणि या सगळ्या भांडणात जे काम फक्त आपणच करू शकतो ते राहून जातं. मराठीचं काम. कुठलंही फ्रेमवर्क घ्या, नावांची यादी त्याला मराठी क्रमाने लावता येत नाही. युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावली की 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या पुढे आहे. 'क्षीरसागर' हे 'क'च्या गर्दीत शिरतात. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकसंध किंवा 'अ'ला चंद्र जोडून. दिसायला दोन्ही सारखी, पण कॉम्प्युटरला वेगळी, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. त्यामुळे एकाच मुलीचं नाव एकदा यादीच्या सुरुवातीला 'अ'मध्ये सापडतं आणि दुसऱ्यांदा 'ह'च्याही खाली, अगदी तळाला. शोधलं तर 'नाही' असं उत्तर येतं. जुनी माहिती युनिकोडपूर्व फाँटांत असेल तर ती आधी रूपांतरित करायला हवी. गंमत म्हणजे पायथनला '१२३' हे देवनागरीत दिलं तरी तो त्याचा आकडा बरोबर करतो, पण आपण लिहिलेले तपासणीचे नियम इंग्रजी आकड्यांशिवाय काही स्वीकारत नाहीत! हे सगळं दुरुस्त करायला शे-दीडशे ओळींचा साधा पायथन पुरतो. फ्रेमवर्कवर घालवलेल्या तीन शनिवारांतला एक इकडे दिला असता तर संस्थेला खरंच उपयोग झाला असता.

मग निवडायचं कसं? माझा पट्टा असा:

१. नुसती माहितीची पानं असतील तर फ्रेमवर्क नकोच. साधं एचटीएमएल ठेवा. एखाद-दुसरा फॉर्म हवा असेल तर गूगल फॉर्मने भागतं का ते आधी बघा. सगळ्यात हलका कोड म्हणजे न लिहिलेला कोड.

२. एक यादी, एक शोध, एक-दोन फॉर्म, खाजगी माहिती नाही, सांभाळणारा एकटा. उदाहरणार्थ वाचनालयाची पुस्तकांची सूची. तर बॉटल किंवा फ्लास्क, आणि खाली एसक्यूलाइट. स्वस्तातल्या होस्टिंगवर काही इन्स्टॉल करता येत नसेल तर बॉटल, कारण एक फाइल नेऊन ठेवली की झालं. तिथे शिकलेलं कुणी मिळण्याची आशा असेल तर फ्लास्क, कारण त्याची माहिती असलेली माणसं जास्त आहेत.

३. लॉगिन, वेगवेगळे अधिकार, कार्यालयातून रोजची नोंद असेल तर निमूटपणे जँगो. आणि तेही तीन वर्षं दुरुस्त्या मिळणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती.

४. समोर माणूस नसून दुसरा प्रोग्रॅम किंवा मोबाइल अॅप असेल, तरच फास्टएपीआय.

काहीही निवडलंत तरी आवृत्त्या बांधून ठेवा. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या पैशाने घ्या. बॅकअप कसा काढायचा आणि परत कसा घालायचा हे मराठीत एका पानावर लिहून द्या. आणि सोपवण्याआधी एक कसोटी लावा: जवळच्या कॉलेजातल्या बीसीए किंवा एमसीएच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो कोड द्या आणि अर्जात एक नवा रकाना वाढवायला सांगा. आपण फोनवर यायचं नाही. शनिवार-रविवारात त्याला जमलं तर तुमचं काम हलकं. नाही जमलं तर ते जड आहे, मग वेगाचे तक्ते काहीही म्हणोत.

माझ्याशी ज्यांचे मतभेद असतील त्यांनी जरूर लिहावं, मला आनंदच होईल. फक्त लिहिताना फ्रेमवर्कच्या गुणांची यादी देऊ नका. पाच वर्षांपूर्वी तुम्ही बांधून दिलेली आणि आज तुम्हाला न विचारता तिथल्याच माणसांनी चालवलेली एक साइट दाखवा. ती कशात लिहिली आहे हे मी त्यानंतर विचारीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद, न्यू जर्सी